‘बनवाबनवी’चे संवाद आणि त्यांचा लेखक

किरण शांताराम यांची निर्मिती आणि सचिन पिळगांवकर यांचे दिग्दर्शन लाभलेला, 1988 साली प्रदर्शित झालेला ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट मराठी माणसाने प्रथम चित्रपटगृहात पाहिला, पुढे घरच्या दूरचित्रवाणीवर पाहिला, आणि आता त्याचेच लहानलहान तुकडे तो मोबाइलवरून आप्तेष्टांना बिनदिक्कत पाठवीत असतो. कथाबीज हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटातले: जागा मिळेना, म्हणून चार तरुणांपैकी दोघांनी स्त्रीवेश धारण करावयाचा. तथापि वसंत सबनीसांनी त्यावर चढविलेला संवादांचा साज अस्सल मराठी आहे.

इस्तंबूलच्या औषधाचा प्रसंग पाहावा. मधुमेहाचे औषध मिळवून देणारा इसमच वारला आणि त्याच्याबरोबर सत्तर रुपयेही वारले, असा मजकूर अशोक सराफ आणि सुधीर जोशी यांच्यात इतक्या गंभीर मुद्रेने चालतो, की मृत्यूची वार्ता आणि पैशांचा हिशेब एकाच श्वासात ऐकताना हसू आवरत नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणाऱ्या सबनीसांना तमाशातील हजरजबाबीपणाचा सराव होता. सबब त्यांचे वाक्य आखूड, रोजच्या बोलण्यातले आणि प्रसंगातून सुटे केले तरी स्वयंपूर्ण असते. मोबाइलवरील अर्ध्या मिनिटाच्या करमणुकीला नेमके हेच लागते.

लक्ष्मीकांत बेर्डे 2004 साली निवर्तले. त्यानंतर जन्मलेली मुलेही या चित्रपटात स्त्रीवेशात त्यांनी रंगविलेली पार्वती चटकन ओळखतात. मात्र या तुकड्यांबरोबर सबनीसांचे नाव क्वचितच फिरते, याची मला मनापासून खंत वाटते.