सुरुवात धान्याच्या कोठीपासून

2024 चा डिसेंबर संपत आला तेव्हा शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोकं खाजायचं, मग केसांतून हात फिरवला की पुंजकाच हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. जानेवारी 2025 पर्यंत 18 गावांतल्या 279 जणांना हा त्रास झाला. त्यांत कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या, लग्नाच्या वयाची मुलं होती. तोंड लपवून घरात बसायची पाळी त्यांच्यावर आली.

पहिला संशय शाम्पूवर गेला, दुसरा पाण्यावर. पाण्यावरचा संशय अगदीच निराधार नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा आहे. बोअरचं पाणी मचूळ लागतं, भांड्यांवर पांढरा थर धरतं. तपासणीत त्या पाण्यात नायट्रेटही मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पण खारं पाणी या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं आहे. मग केस याच हिवाळ्यात का गळावेत?

या प्रश्नाचा पाठपुरावा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केला. महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरणारे आणि त्यासाठी जगभर ओळखले जाणारे हेच ते डॉक्टर. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी गावांत जाऊन रुग्ण पाहिले, रक्त-लघवी-केसांचे नमुने तपासून घेतले आणि घरातला गहू प्रयोगशाळेत पाठवला. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांचे निष्कर्ष बाहेर आले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट, केसांत 150 पट वाढलेलं होतं. रेशन दुकानातून आलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम होतं. हा गहू पंजाबकडून आलेला होता. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी, होशियारपूर-नवांशहर भागात, काही जमिनींत सेलेनियम मुळातच भरपूर आहे आणि तिथलं पीक ते शोषून घेतं, हे कृषिशास्त्रज्ञांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे.

सेलेनियम शरीराला लागतं, पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 40 ते 55 मायक्रोग्रॅम. 400 मायक्रोग्रॅमच्या पुढे ते अपाय करू लागतं. आता हिशेब करून पाहा. त्या गव्हाच्या 300 ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, तर पोटात चार हजारांहून जास्त मायक्रोग्रॅम सेलेनियम गेलं, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या दहापट. कष्टाची कामं करणारा माणूस दिवसाला एवढ्या पोळ्या सहज खातो.

या तपासणीतला आणखी एक आकडा प्रत्येक गृहिणीने ध्यानात ठेवावा असा आहे. तोच गहू धुऊन तपासला, तेव्हाही 13.61 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. विष दाण्याच्या आत असलं तर कितीही खळखळून धुवा, ते जात नाही. तेच नायट्रेटचं. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. ‘स्वच्छ धुतलं, उकळलं, आता काळजी नाही’ हा भरवसा घराघरांत आहे आणि तो अपुरा आहे.

मग घरच्या बाईमाणसाने करायचं काय? सगळ्यांत परिणामकारक उपाय आपल्या वऱ्हाडाला नवा नाही. एकाच पोत्यातला गहू दोन्ही वेळा, महिनोन्‌महिने खाऊ नये. दिवसातली एक वेळ ज्वारीच्या भाकरीची ठेवावी, रेशनच्या गव्हात गावातला गहू मिसळून दळावा. कुठल्या एका जमिनीतला दोष असलाच, तर तो अशाने रोजच्या रोज पूर्ण मात्रेत पोटात जात नाही. सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीचं रान खाल्लं, रेशनवर गहू-तांदूळ आला आणि भाकरी मागे पडली. ती ताटात परत आणणं हा चवीइतकाच तब्येतीचाही प्रश्न आहे.

कोठीत आणखी एक धोका असतो आणि तो आपणच आणून ठेवतो. किडीपासून धान्य वाचवायला कुणी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतं, कुणी बोरिक पावडर चोळतं, कुणी पारद टिकड्या ठेवतं. यांतल्या पहिल्या गोळ्या सर्वांत घातक. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. बंद खोलीत त्या धान्याशेजारी झोपलेल्या माणसांचे जीव गेले आहेत. या गोळ्या जाणकारांच्या देखरेखीखालीच वापरायच्या, असा नियम असूनही त्या घरात येतात. पारद टिकड्यांत पारा असतो आणि रोजच्या धान्यात पारा ठेवायचं काहीही कारण नाही.

यांना पर्याय आजीच्या काळापासून आहेत. एप्रिल-मेच्या कडक उन्हात गहू चांगला वाळवावा, दाताखाली कट्‌ आवाज येईपर्यंत. मग गार करून घट्ट झाकणाच्या कोरड्या पत्र्याच्या कोठीत काठोकाठ भरावा. आत हवा कमी राहिली की किडीला वाढायला वाव मिळत नाही. डाळींना एरंडेल चोळावं, थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. मेहनत आहे हे खरं, पण वर्षातून एकदाच.

कपाशीच्या या मुलखात घरात शिरणारं आणखी एक विष म्हणजे फवारणीचं औषध. वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. शेतातल्या फवारणीबद्दल तेव्हापासून बरंच बोललं गेलं, घरातल्या डब्याबद्दल मात्र फारसं नाही. औषधाचा रिकामा कॅन धुऊन त्यात पाणी, रॉकेल किंवा तेल भरणं आजही चालतं. प्लास्टिकने शोषलेलं औषध धुण्याने निघत नाही. असा कॅन भोकं पाडून निकामी करावा. औषध कुलूपबंद, घराबाहेर आणि मूळ बाटलीतच असावं. शीतपेयाच्या बाटलीत काढलेलं औषध लहान पोर सरबत समजून पितं. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

संध्याकाळी डास आले की कॉइल पेटते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म धूलिकण 75 ते 137 सिगारेटींइतके मोजले गेले. दारं-खिडक्या लावून, पाळण्याशेजारी ती रात्रभर जळते. कडुनिंबाचा धूरही शेवटी धूरच, तो फुप्फुसाला औषध नव्हे. मच्छरदाणी, खिडकीला जाळी आणि आठवड्यातून एकदा सगळी भांडी-टाक्या रिकाम्या करून कोरडा दिवस पाळणं हा खरा पर्याय. मच्छरदाणी एकदाच घ्यावी लागते, कॉइलचा खर्च दर महिन्याचा.

खाऱ्या पाण्याने बाथरूमच्या फरशीवर धरलेला पांढरा थर काढायला सुटं ॲसिड आणलं जातं. त्यावर कधी ब्लीचिंग पावडर टाकू नये. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. तो थर व्हिनेगरने किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यानेही निघतो. थोडा वेळ भिजू द्यावा लागतो, इतकंच.

आणि गरम कचोरी, भजी वर्तमानपत्रावर घेऊ नयेत. छपाईची शाई तेलात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 सालीच तसा इशारा दिला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी पळस आहे, पत्रावळी आहेत. शेगावसारख्या गावात पळसाच्या पानावर कचोरी मिळाली तर शोभेलही.

एवढं करूनही काही गोष्टी घरच्या हातात नाहीत. रेशनचा गहू कुठल्या जमिनीतून येतो, बोअरच्या पाण्यात काय आहे, हे कुठलंही कुटुंब घरी तपासू शकत नाही. ते काम यंत्रणेचं आहे. ग्रामसभेत पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागावा, रेशनच्या धान्याचे नमुने तपासायची मागणी लेखी द्यावी. बोंडगाव-कालवडच्या मुलींना जे सोसावं लागलं, ते पोतं गावात येण्याआधी तपासलं असतं तर टळलं असतं.

घरात कुणाच्या पोटात किंवा श्वासात विष गेल्याची शंका आली, तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजत वेळ घालवू नका. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला देतं. हा क्रमांक कोठीच्या झाकणावर लिहून ठेवा.