पितळेचे पातेले आणि बाळाचे यकृत

कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते, हे आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. आंबट पदार्थाचा रंग पालटतो, चव बिघडते, आणि पदार्थ टाकून द्यावा लागतो. दुधाच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही खूण मिळत नाही. पितळेच्या पातेल्यात तापवून तसेच ठेवलेले दूध पांढरेच दिसते आणि गोडच लागते. या एका गोष्टीमुळे आपल्या देशातील अनेक कुटुंबांना आपली तान्ही मुले गमवावी लागली, असे मानण्यास आज सबळ पुरावा उपलब्ध आहे. तो कसा मिळाला, आणि यकृत व पित्तनलिका यांच्या विकारांत शरीरातील सूक्ष्म खनिजांचे प्रमाण कसे बदलते, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

तांबे, जस्त, मँगनीज, सेलेनियम इत्यादी खनिजे शरीरास अत्यल्प प्रमाणात लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. अल्प लागतात याचा अर्थ ती कमी महत्त्वाची आहेत, असा मात्र नव्हे. तांब्यावाचून रक्त नीट तयार होत नाही आणि जस्तावाचून मुलाची वाढ खुंटते. या खनिजांचा जमाखर्च ठेवण्याचे काम मुख्यतः यकृताकडे असते. अन्नातून शोषले गेलेले तांबे प्रथम यकृतात येते. गरजेपुरते रक्तात सोडले जाते आणि उरलेले पित्तावाटे आतड्यात व तेथून शौचावाटे बाहेर पडते. मँगनीजचाही मार्ग हाच आहे. लघवीवाटे तांबे फारच थोडे जाते. तेव्हा पित्ताची वाट बंद झाली किंवा यकृतच आजारी पडले, म्हणजे ही दोन खनिजे साचू लागतात.

नवजात बालकाच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. जन्मतः बालकाच्या यकृतात प्रौढ माणसाच्या कितीतरी पट तांबे असते. आईच्या दुधात तांबे कमी असल्यामुळे निसर्गाने ही शिदोरी आधीच बांधून दिलेली असते, आणि पहिल्या काही महिन्यांत ती हळूहळू खर्च होते. परंतु पित्तावाटे तांबे बाहेर टाकण्याची बालकाची शक्ती अद्याप अपुरी असते. अशा वेळी बाहेरून तांब्याचा मारा झाला तर तो सोसण्याची तयारी त्या कोवळ्या यकृतात नसते.

सुमारे सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाच्या मुलांत आढळणारा यकृत-काठिण्याचा एक विशिष्ट रोग आपल्या देशात दीर्घकाळ माहीत होता. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये त्याचे वर्णन केले. ‘भारतीय बालयकृत-काठिण्य’ या अर्थाच्या नावाने तो जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत गेला. मूल किरकिरे होते, पोट फुगते, उजव्या बरगडीखाली कठीण व धारदार कडेचे यकृत हातास लागते, पुढे कावीळ व जलोदर होतो, आणि उपचाराविना बहुतेक मुले काही महिन्यांत दगावतात, असा त्याचा क्रम होता. एकाच घरात लागोपाठ दोन-तीन मुले गेल्याची उदाहरणे असत. साहजिकच घराण्याचा दोष, दृष्ट, शाप असे अनेक तर्क केले जात. हा रोग अगदी गरीब घरांपेक्षा दुभती जनावरे व भांडीकुंडी असलेल्या मध्यम स्थितीतील ग्रामीण घरांत अधिक दिसतो, हेही डॉक्टरांच्या लक्षात आले होते. मात्र त्याचा अर्थ बरीच वर्षे लागला नाही.

१९७९ मध्ये या कोड्याला वळण मिळाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर व त्यांचे सहकारी यांनी अशा मुलांच्या यकृताच्या तुकड्यांतील तांबे मोजले. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम कोरड्या वजनात तांबे सर्वसाधारणपणे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते कित्येक शेकड्यांत होते, काहींत हजाराच्याही पुढे होते. विल्सनचा रोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आनुवंशिक विकारातही यकृतात तांबे साचते, परंतु तेथे रक्तातील तांबेवाहक प्रथिन बहुधा कमी असते. या मुलांत ते कमी नव्हते. तेव्हा हे तांबे बाहेरून येत असावे, असा संशय बळावला.

ते कोठून येते याचा शोध प्रयोगशाळेत नव्हे, स्वयंपाकघरात लागला. पंडित, टॅनर आणि डॉ. शीला भावे यांनी रोगी मुलांच्या घरची आहाराची हकीकत बारकाईने विचारली व ती जोडीच्या निरोगी मुलांच्या हकिकतीशी ताडून पाहिली. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते बहुतेक घरांत पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापविले व ठेवले जात होते. हे निष्कर्ष १९८३ व १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गाईच्या धारोष्ण दुधात तांबे आईच्या दुधाहूनही कमी असते. दोष गाईचा नव्हे, भांड्याचा होता. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. त्यातील तांबे दुधातील केसीन या प्रथिनास चटकन चिकटते आणि दुधाबरोबर बाळाच्या पोटात जाते. भांड्याला आतून कथलाची चांगली कल्हई असेल तर हे टळते. नवसागराचा धूर काढीत दारोदार फिरणारा कल्हईवाला एका अर्थी आरोग्यसेवकच होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. परंतु कल्हई झिजते, ती वेळेवर करून घेणे सर्वांनाच साधत नाही.

पेनिसिलामाइन हे औषध शरीरातील तांब्यास बांधून लघवीवाटे बाहेर काढते. विल्सनच्या रोगासाठी ते १९५६ पासून ज्ञात होते. पुण्यात ते या मुलांना दिले असता, कावीळ व जलोदर होण्यापूर्वी आलेल्या मुलांपैकी अनेक वाचली. उशिरा आलेल्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. औषधापेक्षाही परिणामकारक ठरला तो साधा सल्ला: तान्ह्या बाळाचे दूध पितळेत तापवू नका. पुणे जिल्ह्यात हा प्रचार करण्यात आला, त्याच सुमारास स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर पोचली, आणि पूर्वी रुग्णालयात नित्य दिसणारा हा रोग दुर्मिळ झाला. ऑस्ट्रियातील तिरोल या डोंगराळ प्रांताचीही हकीकत अशीच आहे. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलांना असाच रोग झाल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यांत तापवीत. ती भांडी गेली आणि रोग गेला.

सर्व तज्ज्ञांचे यावर एकमत आहे असे मात्र नाही. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. श्रीरामाचारी यांनी या रोगाचा दीर्घ अभ्यास केला होता. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर भोपाळमधील मृतांच्या शरीरांच्या तपासणीशी त्यांचे नाव निगडित आहे. त्यांनी व डॉ. एन. सी. नायक यांनी २००८ मध्ये तांबे हेच मूळ कारण मानण्यास हरकत घेतली. पितळेतील दूध प्यालेली सर्वच मुले आजारी पडली नाहीत हे खरे आहे, आणि काही मुलांत जन्मजात दुबळेपणा असावा ही शक्यता उरते. तथापि भांडे बदलण्यास काही खर्च नाही आणि अपायही नाही. वाद मिटेपर्यंत बाळाला पितळेतील दूध पाजण्याचे कारण नाही.

आता पित्तनलिकेच्या विकारांकडे वळू. काही बालकांत जन्मानंतर लवकरच यकृताबाहेरील पित्तनलिका बुजतात. पित्त आतड्यात न उतरल्यामुळे शौच पांढुरके, खडूसारखे किंवा फिकट मातकट होते आणि लघवी गडद पिवळी होते. अशा बालकांतही यकृतातील तांबे वाढते. येथे ते रोगाचे कारण नसून परिणाम असते. रक्तातील मँगनीज वाढून ते मेंदूच्या काही भागांत साचू शकते. उलट जस्त व सेलेनियम कमी पडतात, आणि अ, ड, ई, के ही स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वेही शोषली जात नाहीत. म्हणजे एकाच मुलात काही खनिजांची टंचाई व काहींचा अतिरेक अशी स्थिती असते. म्हणूनच ‘अशक्त आहे’ म्हणून दुकानातून सर्व खनिजांचे मिश्र टॉनिक आणून पाजणे अशा मुलास घातक ठरू शकते. काय द्यावे व काय वगळावे हे तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. केवळ रक्त तपासून भागत नाही, कारण रक्तातील तांब्यावरून यकृतातील साठ्याचा नेमका अंदाज येत नाही.

या विकारावर जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात शस्त्रक्रिया शोधून काढली. ती साधारणतः दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची शक्यता अधिक असते. त्यामुळे दोन आठवड्यांनंतरही न ओसरणारी कावीळ ‘अंगावरची आहे, उन्हात धरा’ म्हणून सोडून देता कामा नये. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या गृहभेटीस जातात तेव्हा त्यांनी बाळाच्या शौचाचा रंग आईला विचारावा, शक्य तर दुपटे स्वतः पाहावे. पांढरे शौच दिसल्यास त्याच आठवड्यात बाळाला जिल्हा रुग्णालयात पोचविण्याची व्यवस्था करावी.

अलीकडे तांब्याच्या भांड्यातील पाणी पिण्याची व तांब्याच्या बाटल्यांची आवड पुन्हा वाढली आहे. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांत आजीच्या वेळची पितळी पातेली माळ्यावरून खाली येऊ लागली आहेत, आणि पांढुर्णा, सौसर, मुलताईकडे ती कधी पूर्णपणे वर गेलीच नव्हती. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे असण्यास जागतिक आरोग्य संघटनेची हरकत नाही, आणि मोठ्या माणसाचे निरोगी यकृत थोडे अधिक तांबे सहज बाहेर टाकते. तेव्हा आजोबांनी सकाळी तांब्यातले पाणी खुशाल प्यावे. बाळाला मात्र सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे. पुढे वरचे दूध सुरू केल्यावर ते स्टीलच्या भांड्यात तापवावे, तेथेच झाकून ठेवावे आणि स्टीलच्याच वाटी-चमच्याने पाजावे. बारशाला आलेला पितळी गडू, बोंडले किंवा झारी कपाटात जपून ठेवावी. घरात यापूर्वी एखादे मूल यकृताच्या विकाराने दगावले असेल, तर पुढील बाळाच्या पहिल्याच तपासणीच्या वेळी ती हकीकत, आणि दूध कोणत्या भांड्यात तापवीत होतो हेदेखील, डॉक्टरांना सांगावे.