प्रेक्षकांसाठी रॅम्प आहे, पण स्टेजवर चढायचं कसं?

जून 2019. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये टोनी पुरस्कारांचा सोहळा, म्हणजे नाटकवाल्यांचं ऑस्करच. 'ओक्लाहोमा!'मधल्या भूमिकेसाठी ॲली स्ट्रोकरला पुरस्कार मिळाला. टोनी जिंकणारी ती पहिली व्हीलचेअरवरची कलाकार. पण प्रेक्षागृहातून स्टेजवर जायला रॅम्पच नव्हता, म्हणून तिला आधीच विंगेमागे जाऊन थांबावं लागलं. नंतर तिच्या नाटकालाही पुरस्कार मिळाला. सगळी टीम स्टेजवर, ही नाही!

बघा, नाट्यगृह बांधताना अपंग माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रेक्षकच येतो. तो कलाकारही असू शकतो हे सुचतच नाही. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेत व्हीलचेअरवरच्या दिग्दर्शकाला बक्षीस मिळालं तर? चार मित्र खुर्चीसकट उचलतील, टाळ्याही पडतील. पण उचलून नेणं ही काही सोय नव्हे.

आता थोडं गणित. रॅम्पचा उतार साधारण 1:12 धरतात, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. स्टेज साडेतीन फूट उंच असेल तर रॅम्प झाला 42 फूट, शिवाय मध्ये थांबायला सपाट जागा. बांधून झालेल्या थिएटरच्या विंगेत एवढी जागा कुठून आणणार? मग छोटी लिफ्ट लावावी लागते. हेच नकाशा काढतानाच ठरवलं तर स्टेज, मेकअप रूम आणि टॉयलेट एकाच पातळीवर ठेवता येतात.

प्रेक्षकांची सोय तरी धड असते का? व्हीलचेअरची जागा बहुतेकदा कोपऱ्यात, मित्रमंडळी भलतीकडेच. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी 'इंडक्शन लूप' असतो. हॉलभोवती फिरवलेली ही तार माइकचा आवाज चुंबकीय लहरींतून थेट श्रवणयंत्रात पोचवते. त्यासाठी यंत्रात टेलिकॉइल हवं, मग ते 'टी'वर ठेवायचं. शेजारच्याचं वेफर्सचं पाकीट ऐकू येत नाही! (हे तर मलाही हवंय.)

कायदा काय म्हणतो? दिव्यांग हक्क कायदा 2016चा आहे. पण त्याखालच्या 2017च्या नियमांतली मानकं निव्वळ शिफारशीसारखी होती. नोव्हेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करा, असं केंद्राला सांगितलं.

तालमीसाठी किंवा प्रयोगासाठी हॉल बुक करताना 'रॅम्प आहे का?' एवढ्यावर थांबू नका. तो कुठपर्यंत जातो, तेही विचारा.