उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझसचे फोटो आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमध्ये असतील. त्यातले बरेचसे ३ डिसेंबरच्या फेस्ताचे किंवा त्याआधीच्या नोव्हेनांचे, आणि जवळजवळ सगळे दर्शनी बाजूचे. साहजिकच आहे. या चर्चचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारी चारनंतर ऊन समोरून येतं आणि दगड पेटल्यासारखा दिसतो. रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलचं तोंड नेमकं उलट, पूर्वेला. म्हणजे सकाळी आठला से आणि संध्याकाळी बॉम जीझस, असा साधा हिशेब. भर दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवून आत जाऊन बसावं हे उत्तम.

पण मला लिहायचंय ते बाजूच्या भिंतीबद्दल. रस्त्यावरून येताना हिरवळीपलीकडे दिसते ती उत्तरेची लांब भिंत, जिला भक्कम टेकू दिलेत. १६०५ साली पूर्ण झालेल्या या चर्चच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम बेसाल्टचं आहे, आणि तो दगड थेट वसईहून आणलेला. बाकी बांधकाम आपल्या जांभ्याचं. दर्शनी भाग सोडला तर बाहेरून चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या काळात, १९५० च्या दशकात, तो काढून टाकला. आज ज्या तांबड्या रंगाला आपण 'काय जुनं दिसतंय!' म्हणतो, ती खरं म्हणजे कातडी सोललेली भिंत आहे. जांभा सच्छिद्र. पाणी पितो, झिजतो. गिलावा ही त्याची छत्री होती.

ही झीज फोटोत दिसायला हवी असेल तर डिसेंबर काही कामाचा नाही. गोवा साधारण साडेपंधरा उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूने जातो आणि उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. सावलीत ती भिंत सपाट, एकसारखी, चक्क धडधाकट दिसते! एप्रिलच्या अखेरीस दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग उत्तरेकडे सरकतो. मेच्या शेवटी तो पश्चिमेच्या सुमारे वीस अंश उत्तरेला मावळतो. म्हणजे संध्याकाळचं ऊन या भिंतीवर समोरून येत नाही, तिला घासून जातं. दगडातल्या प्रत्येक खळग्याला स्वतःची सावली मिळते. कुठे दगड आत गेलाय, कुठल्या थरात सांधा मोकळा झालाय, सगळं नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं.

मोबाईलवाल्यांनी (म्हणजे आपण सगळ्यांनीच) दोन गोष्टी कराव्यात. एचडीआर बंद करा, कारण ते सावल्या उजळवतं आणि इथे सावली हाच पुरावा आहे. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, डेलाइटवर ठेवा. नाहीतर दर फोटोत दगडाचा रंग वेगळा येतो आणि पुढच्या वर्षीच्या फोटोशी तुलना करता येत नाही. फिल्टरचं तर नावच नको. आणि तुलना मेची मेशीच करा. ऑक्टोबरमध्ये शेवाळ दिसेल, पण सूर्य तोवर पुन्हा दक्षिणेला गेलेला असतो. प्रकाश बदलला म्हणून भिंत सुधारली असं वाटायचं.

गिलावा परत करावा की नको, यावर गोव्यात वाद आहे. तो तांबडा रंग मलाही आवडतो, तरी मी गिलाव्याच्या बाजूची. पांढरं चर्च फोटोत मळकट येतं अशी तक्रार असते, पण तो दोष चर्चचा नाही. कॅमेरा पांढऱ्याला राखाडी समजतो. एक्स्पोझर थोडं वाढवलं की पणजीचं चर्चही खरं पांढरं येतं.

आणि ती हिरवळ? ती जुनी नाही. इथे गजबजलेलं शहर होतं, घरं आणि गल्ल्या होत्या. फोटोत चर्च एखाद्या बागेत एकटं उभं असल्यासारखं दिसतं, ते आपल्या काळाचं चित्र. जुनी बाग पाहायची तर एखाद्या घरात जा (विचारून!), बाल्कांवासमोर अबोली आणि जास्वंद असते तिथे. अशा घरांत अजून कुठे कुठे शिंपल्यांच्या खिडक्या आहेत: लाकडी चौकटीत बसवलेले पातळ, चपटे शिंपले, ज्यांतून उजेड येतो पण पलीकडचं दिसत नाही. बाहेरून काढलात तर खिडकी मेलेली दिसते. आतून काढा, ऊन पलीकडून पडत असताना, आणि एक्स्पोझर खिडकीवर धरा. प्रत्येक शिंपला वेगळा उजळतो. जिथे शिंपला निखळून काच किंवा पत्रा लावलाय, ती जागाही लगेच कळते. घरमालकाला तो फोटो पाठवा. त्याने ती खिडकी आतून रोज पाहिली असेल, पण मोजली नसेल.

आपली सुट्टी मेमध्येच असते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो. उत्तरेच्या भिंतीसाठी संध्याकाळी साडेपाचला पोचलात तरी चालेल. सातच्या सुमारास सूर्य मावळतो.