भिंतींचा जंतुनाश आणि खोलीतली हवा

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, निदान केले, आणि त्यानंतर म्युनिसिपालिटीने जी मोहीम आरंभिली तिचे मुख्य शस्त्र कार्बोलिक आम्ल हे होते. गटारे, मोऱ्या, जिने आणि भिंती या द्रावाने धुऊन काढण्यात आल्या. पुढील वर्षी पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने त्याच उपायाला गोऱ्या शिपायांच्या झडतीची जोड दिली आणि त्यातून जे घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या प्रकरणाची राजकीय बाजू पुष्कळांनी लिहिली आहे. परंतु एवढा कडेकोट बंदोबस्त करूनही रोग का हटला नाही, हा प्रश्न मला तितकाच महत्त्वाचा वाटतो.

कार्बोलिक निःसत्त्व नव्हते. जोसेफ लिस्टरने १८६५ पासून ग्लासगोच्या रुग्णालयात त्याच्या योगाने जखमा सडण्याचे थांबविले होते, आणि त्यामुळेच जगभरच्या सरकारी दप्तरांत त्याला मान्यता मिळाली होती. पण प्लेगचा जंतू भिंतीवर दबा धरून बसत नव्हता. तो उंदरांच्या रक्तात आणि उंदरांवरील पिसवांच्या पोटात वस्ती करून होता. १८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने पिसवेचा हा वाटा दाखवून दिला, तरी तो सर्वमान्य होण्यास १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेले प्रयोग यावे लागले. रोग कोणत्या वाटेने येतो याचा तपास न करता केलेला जंतुनाश लोकांना त्रास देतो आणि रोगाला मोकळे सोडतो. २०२० सालच्या कोविडच्या साथीतही रस्त्यांवर आणि क्वचित माणसांच्या अंगावरसुद्धा क्लोरीनचे फवारे मारले गेले, तेव्हा बंद खोलीतली हवाच त्या साथीचा मुख्य मार्ग होती.

पटकी, हगवण यांसारख्या ज्या रोगांची वाट मलिन पाण्यातून, हातांतून आणि भांड्यांतून जाते, तेथे रसायनांचे सामर्थ्य निर्विवाद आहे. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ती टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, हे त्यांतले सर्वांत स्वस्त आणि विश्वासू द्रव्य. ताज्या पावडरीत सुमारे एक-तृतीयांश भाग उपयुक्त क्लोरीन असतो. एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम पावडर मिसळली की लादी, मेज, दाराच्या कड्या पुसण्याजोगे द्रावण होते. रक्त वा ओकारी सांडलेल्या जागेसाठी ते प्रमाण पंधरा ग्रॅमपर्यंत न्यावे लागते. परंतु धूळ, चिकटा आणि मळ हे क्लोरीनला जंतूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्ची पाडतात. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने जागा स्वच्छ करावी, मग द्रावण लावावे, आणि ते निदान दहा मिनिटे ओले राहू द्यावे. लावल्याबरोबर कोरड्या फडक्याने पुसून टाकणारा मनुष्य केवळ वास पसरवितो. पावडरीचा डबा दमट जागी उघडा राहिला तर तिचे सत्त्व उडून जाते. आणि संडास धुण्याच्या आम्लात ती मिसळली तर प्राणघातक क्लोरीन वायू निघतो. या शेवटच्या सूचनेविषयी कितीही वेळा लिहिले तरी मला ते अपुरेच वाटेल, कारण ही दोन्ही द्रव्ये पुष्कळ घरांत न्हाणीघराच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेली असतात.

मद्यार्काची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. शुद्ध मद्यार्कापेक्षा सत्तर टक्क्यांचा मद्यार्क अधिक मारक ठरतो, कारण जंतूच्या शरीरातील प्रथिने गोठविण्यास थोडे पाणी लागते, आणि पाण्यामुळे द्रव लवकर उडूनही जात नाही. तथापि काही जंतू कठीण कवचाच्या बीजाणूंच्या रूपाने राहतात, त्यांचे मद्यार्क काहीही बिघडवू शकत नाही.

हवेची कथा अधिक गहन आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिकचा तुषार उडविण्याची पद्धत लिस्टरनेच पाडली, आणि १८९० मध्ये तिचा आपण पुरस्कार केला याबद्दल त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला. शास्त्रज्ञाचे याहून मोठे धैर्य मला दुसरे दिसत नाही. पुढे शस्त्रक्रियागृहे फॉर्मालिनच्या धुरीने भरून बंद ठेवण्याचा प्रघात पडला. परंतु त्यातील फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे असे सिद्ध झाले आहे, आणि त्याची धुरी दिलेल्या खोलीत माणूस पुन्हा श्वास घेऊ लागला की हवा पुन्हा त्याच्या श्वासाने भरते.

तो श्वास किती दूर जातो, याचे उत्तर विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोर येथे दिले. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा नळ्यांवाटे वर नेऊन गिनीपिगांच्या कोठडीत सोडली. रुग्णाचे तोंडही न पाहिलेल्या त्या प्राण्यांना क्षय जडला. मात्र जी हवा वाटेत अतिनील किरणांतून नेली होती तिच्यात राहणाऱ्या प्राण्यांना तो जडला नाही. या प्रयोगांनी क्षय हवेतून पसरतो हे निःसंशय ठरले आणि हवा शुद्ध करण्याचा एक मार्गही सापडला. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या या किरणांनी डोळे आणि त्वचा भाजते. म्हणून दिवे माणसांच्या उंचीच्या वर, छताकडे तोंड करून लावतात, आणि पंख्याने खालची हवा त्या थरात फिरवीत राहतात.

याहून साधा उपायही मोजून पाहिला गेला आहे. पेरू देशाच्या लिमा शहरातील रुग्णालयांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की दारे-खिडक्या उघड्या असता खोलीतील हवा ताशी साधारण अठ्ठावीस वेळा बदलते, तर यंत्रांनी हवा खेळविलेल्या खोल्यांत बारा वेळा. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हा आकडा चाळिसावर गेला. आपल्याकडे मात्र वातानुकूलनाच्या हौसेपायी तशाच जुन्या दालनांत फळ्यांचे आडोसे उभे केले जातात आणि तावदाने कायमची बंद केली जातात. भिंतीवरचे ते थंड हवेचे यंत्र बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही, खोलीतलीच हवा पुनःपुन्हा फिरविते, ही गोष्ट विकणारा क्वचितच सांगतो. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात ते लावायचेच असेल, तर एक खिडकी वीतभर उघडी ठेवावी आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. ते अशक्य असेल तेथे, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविणारी हेपा गाळणी असलेले यंत्र चालू ठेवावे, आणि तिच्या पडद्याची बदली ठरलेल्या मुदतीत करावी.