गोरखा भूकंपानंतरची दहा वर्षं

25 एप्रिल 2015 हा शनिवार होता. नेपाळमधल्या शाळा त्या दिवशी बंद होत्या, म्हणून कितीतरी मुलं वाचली. सकाळी 11 वाजून 56 मिनिटांनी गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीखालचा खडक तिथून पूर्वेकडे जवळपास 150 किलोमीटर तडकत गेला. त्यामुळे दरडींचा सर्वांत मोठा मारा केंद्राजवळ न होता पूर्वेच्या रसुवा, सिंधुपाल्चोक, दोलखा या जिल्ह्यांवर झाला. 12 मे रोजी 7.3 तीव्रतेचा दुसरा धक्का बसला आणि तडे गेलेले उतार पुन्हा हलले. या काळात सुमारे 9,000 माणसं गेली.

त्यातली साडेतीनशेहून अधिक एकट्या लांगटांग खोऱ्यातली. लांगटांग गावावरच्या उंच उतारांवरून हिम, बर्फ आणि खडक एकत्रच सुटले. त्या हिवाळ्यात तिथे नेहमीपेक्षा खूपच जास्त बर्फ पडलं होतं आणि धक्क्याने ते सगळं सैल झालं. खाली आलेला ढीग शास्त्रज्ञांनी पुढे मोजला तेव्हा तो 70 लाख घनमीटरच्या आसपास भरला. ढिगाऱ्यापुढे हवेचा असा लोट निघाला की नदीपलीकडच्या उतारावरची झाडंही आडवी झाली. लांगटांग गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. भूकंपात घर पडतं हे आपल्याला ठाऊक असतं. इथे घरावर डोंगर आला, आणि अशा मरणाचा हिशेब भूकंपाच्या नकाशात वेगळा दिसत नाही.

हा हिशेब मांडायला जगभरच्या भूवैज्ञानिकांनी पदरचा वेळ दिला. उपग्रहांची छायाचित्रं सर्वांसाठी खुली झाली आणि स्वयंसेवकांनी एकेक खोरं वाटून घेतलं. ढग मधे येत, उंच कड्यांच्या सावल्या फसवत, तरी डिसेंबर 2015 पर्यंत त्यांनी 4,312 दरडी नोंदवल्या. 491 हिमसरोवरंही तपासली. त्यांतल्या फक्त 9 ठिकाणी परिणाम दिसला आणि त्या धक्क्याने एकही सरोवर फुटलं नाही, हा मोठाच दिलासा होता. पुढे अधिक बारीक छायाचित्रांवरून केलेल्या सविस्तर यादीत आकडा 24,915 वर गेला. पहिली यादी मदतपथकांसाठी घाईने केलेली होती, दुसरीत लहानसहान ओरखडेही टिपलेले होते. माझ्या लेखी दोन्ही कामं सारखीच मोलाची आहेत.

याद्यांमधून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. भूकंपाने काठमांडूचा परिसर सुमारे 1 मीटर वर उचलला गेला आणि त्याच्या उत्तरेचा उंच पट्टा काहीसा खचला. दरडींची गर्दी झाली ती या खचलेल्या पट्ट्यात. दुसरं असं, की 2008 मध्ये चीनमधल्या वेनचुआनला झालेला भूकंप साधारण याच ताकदीचा, पण तिथे दरडी कितीतरी जास्त आणि अवाढव्य होत्या. गोरखातली भेग जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोचली नव्हती, हे त्याचं एक कारण दिलं जातं.

पण खरी परीक्षा पावसाळ्याची. आपल्याकडे माळीण, तळिये, इर्शाळवाडी गेली ती पावसाने. नेपाळमध्ये भूकंपाने उतार खिळखिळे केले आणि पावसाने ते पाडले. 24 मे 2015 रोजी, मोठा धक्का बसून महिना होत आला असताना आणि पावसाळा अजून लागायचा असतानाच, म्याग्दी जिल्ह्यात डोंगर कोसळून काली गंडकी अडली. तळं साचलं, खालच्या गावांतली माणसं हलवावी लागली, आणि काही तासांनी पाणी बांधावरून वाहू लागलं. इंग्लंडमधल्या डरहम विद्यापीठाचे संशोधक काठमांडूच्या भूकंपतंत्रज्ञान संस्थेबरोबर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर नकाशे करत राहिले. भूकंपाच्या दिवशी जेवढं क्षेत्र दरडींखाली होतं, त्याहून जास्त पुढच्या पावसाळ्यांनंतर आढळलं. जुन्या जखमा रुंदावल्या आणि नव्याही पडल्या. इतर भूकंपांचा अभ्यास सांगतो की उतार एक ते चार वर्षांत सावरतात. सिंधुपाल्चोकचा अनुभव मात्र इतका सरळ नाही. ऑगस्ट 2020 मध्ये तिथलं लिदी गाव दरडीखाली आलं. 15 जून 2021 ला मेलम्ची नदीच्या पुराने राजधानीला पाणी पुरवणाऱ्या प्रकल्पाचं मुख गाळाने भरलं. या घटनांना पाऊस, हिम आणि जुना गाळ अशी अनेक कारणं आहेत. सगळा दोष भूकंपावर टाकणं चूक ठरेल. पण त्याला वगळून त्या समजणारही नाहीत.

पहिल्या वर्षी मदत भरभरून येते, नंतर आटते. डोंगर मात्र पुढची कित्येक वर्षं हलत राहतो. सिक्कीमपासून काश्मीरपर्यंत आपलाही हिमालय याच पट्ट्यातला आहे. तेव्हा भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या निधीत पुढच्या दहा पावसाळ्यांच्या दरड-नकाशांचा खर्च आधीच धरला जावा, आणि ते नकाशे त्या त्या गावाच्या पंचायतीत, तिथल्या भाषेत लावले जावेत.