दारावरचा पहारेकरी : फायरवॉल

१२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांतील संगणकांच्या पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. रुग्णांच्या नोंदी उघडेनात. शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, काही रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टच्या कामकाजाला फटका बसला. ‘वॉनाक्राय’ नावाच्या या प्रोग्रॅमला पसरण्यासाठी कोणी फसव्या लिंकवर क्लिक करण्याची गरज नव्हती. उघडे दार सापडले की तो आत शिरत होता.

हे दार म्हणजे ‘पोर्ट’. प्रत्येक संगणकाला अशी क्रमांक दिलेली ६५ हजारांहून अधिक दारे असतात. सुरक्षित संकेतस्थळांची ये-जा ४४३ क्रमांकावरून होते, तर विंडोज संगणक आपसांत फायली देतात-घेतात त्या ४४५ वरून. इंटरनेटवरची माहिती लहान लहान ‘पॅकेट’मध्ये येते. ते कोठून आले, कोणाकडे आणि कोणत्या पोर्टवर चालले आहे, हे त्यावर लिहिलेले असते. फायरवॉल ते वाचते, ठरवून दिलेल्या नियमांशी ताडून पाहते आणि पॅकेट आत सोडते किंवा अडवते.

सोसायटीचा वॉचमनही असेच करतो. रहिवाशाने मागवलेले पार्सल आत जाते, अनोळखी माणूस फाटकावर थांबतो. आजच्या फायरवॉलही आतून कोणती मागणी गेली हे लक्षात ठेवतात आणि तिचेच उत्तर आत येऊ देतात.

वॉनाक्राय ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून शिरला. बाहेरच्यांचे तेथे काहीच काम नसते. विंडोजमधील ती त्रुटी दूर करणारे अपडेट मार्चमध्येच आले होते, पण अनेक ठिकाणी ते टाकलेले नव्हते. तरीही इंटरनेटकडील फायरवॉल नीट राखली असती तर हा संसर्ग टळला असता, असे ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर नमूद केले.

मात्र, आपणच फसव्या ईमेलमधील फाइल उघडली किंवा फोनवर ओटीपी सांगितला, तर फायरवॉल सहसा काही करू शकत नाही. म्हणून विंडोजमधील फायरवॉल बंद करू नये. एखादे सॉफ्टवेअर परवानगी मागत असेल, तर ती कशासाठी हे कळल्याशिवाय देऊ नये. स्टेशनवरचे किंवा हॉटेलातले वायफाय जोडताना ‘पब्लिक’ हाच पर्याय निवडावा. आणि अपडेट ‘नंतर’वर टाकू नये.